भिवराच्या गुडघ्याचा नवस

जनीकाकी टीव्हीसमोर बसली की आधी खेळाडू मोजायची. बोट पडद्याकडे करून, मोठ्यानं. "एक, दोन, तीन, चार, पाच, सा. सातवी कुठं हाय? चहा ठेवाया गेली वाटतं." मग मालिकेतली भिवरा चढाईला निघायची आणि काकी गप्प व्हायची.

ती मालिका कबड्डी खेळणाऱ्या एका मुलीची होती. मालिकेचं नाव लांबलचक होतं, ते आमच्या कुणाच्या तोंडात बसलं नाही. आम्ही नुसतं "भिवरा लागली" म्हणायचो. रोज संध्याकाळी सात वाजता, अर्धा तास. आमची वाडी कापडे गावाच्या वरच्या अंगाला, डोंगरात. पुरुषमाणसं बहुतेक मुंबईला. काकी घरात एकटीच, म्हणून तिच्या मुलानं, रमेशभावोजींनी, टीव्ही आणि त्याची डिशची छत्री आणून दिली होती. संध्याकाळी आम्ही सात-आठ बायका तिच्या पडवीत जमायचो. काकीचं घर आमच्या शेजारी, मध्ये फक्त कुडाचं कुंपण.

काकीला कबड्डी बारीकसारीक माहीत होती. तिचे यजमान जवानीत खेळायचे. पोलादपूर, महाड, दासगाव, सगळीकडे त्यांना बोलावणं असायचं. मी लग्न होऊन आले त्याच्या आधीच ते वारले होते. पण दासगाव माझं माहेर, आणि माझ्या वडिलांनी त्यांचा खेळ पाहिला होता. एवढ्या एका गोष्टीवरून काकी मला आपलं माणूस समजायची.

मालिकेवर ती खूश नसायची. भिवराची एक चढाई जाहिरातीच्या आधी सुरू व्हायची आणि कधीकधी दुसऱ्या दिवशी संपायची. सगळं सावकाश. केस उडतायत, माती उडतेय, मध्येच तिला तिची मेलेली आई आठवतेय. काकी म्हणायची, "एका दमात दोन दिस! आमच्या ह्यांना नसतं जमलं." तरी भिवरा रेषा ओलांडून गेली की काकी स्वतः दम धरायची. ओठ हलायचे, आवाज नाही. एकदा ती चढाई इतकी लांबली की काकीचा चेहरा काळानिळा पडला आणि ती खांबाला टेकली. मी पाठीत थापट्या मारल्या. श्वास आल्यावर पहिलं काय बोलली, तर, "बाद झाली का गो?"

तिच्या अंगातही तो खेळ होता. वाडीत एका लग्नात नवऱ्याचा मामा मानपानावरून रुसला आणि टोपी घालून रस्त्याला लागला. सगळे मागून हाका मारतायत, तो ऐकेना. काकी तेव्हा पन्नाशीची असेल. तिनं पदर खोचला, बांधावरून आडवी गेली आणि खाली बसून दोन्ही हातांनी त्याचा घोटा धरला. मामा एका पायावर उभा. "अवो बाई, सोडा!"

"पकड झाली," काकी म्हणाली. "आता गुमान मांडवात चला, मंग सोडते."

लोक अजून त्या माणसाला घोट्याचा मामा म्हणतात.

तर त्या भिवराचा एकदा गुडघा गेला. म्हणजे मालिकेत. मोठ्या सामन्यात दोघींनी मिळून तिला आडवी केली आणि ती उठलीच नाही. डॉक्टरनं चष्मा काढून सांगितलं की ही पोरगी आता कबड्डी विसरली तर बरं. आम्ही सगळ्या हळहळलो आणि जेवायला घरी गेलो. दुसऱ्या दिवशी सकाळी काकीनं कुंपणावरून हाक मारली, "शालन, देवळात येतेस का गो?" मी फुलं घेऊन मागोमाग गेले.

आमच्या गावदेवीचं देऊळ वाडीच्या वर, टेकाडावर आहे. पांडू गुरव गाभारा झाडत होते. काकी उंबऱ्याशी उभी राहिली आणि हात जोडून खणखणीत आवाजात म्हणाली, "आई, भिवराचा गुडघा बरा कर. पोर परत चढाईला गेली तर तिला तुज्या म्होरं आनीन आनि तिच्या हातनं तुजी ओटी भरीन."

गुरवांचा झाडू थांबला. "कोन भिवरा? टीवीतली?"

"व्हय."

"अवो काकी..."

"तुमी झाडा," काकी म्हणाली.

मी सहसा कुणाला उलटं विचारत नाही. पण उतरताना राहवलं नाही. म्हटलं, "काकी, ती खरी नाय ना?"

"मला ठावं नाय का? पगार घेत असंल त्याचा." मग थोडं खाली आल्यावर ती पुढं बघतच बोलली, "आमच्या ह्यांचा गुडघा महाडच्या सामन्यात गेला. मी नवी नवरी. सासूला म्हनलं, आत्याबाय, नवस बोलूया का. सासू म्हनाली, नांगराला चालतोय ना पाय? मंग बास झालं. खेळाच्या पायाला कुनी नवस बोलत नाय."

"मंग?"

"मंग काय. नांगराला चालला."

भिवरा बरी झाली. त्याला पाच-सहा महिने लागले. मध्ये तिचं लग्न झालं, सासूनं बूट विहिरीत टाकले, नवऱ्याची स्मृती गेली आणि आली. मग एका संध्याकाळी ती परत मैदानात उतरली. काकीनं सगळ्यांना गूळ-खोबरं वाटलं. आमच्यातल्या चंद्रावैनी जिभेनं तिखट. त्या खोबरं चघळत म्हणाल्या, "काकी, बरी झाली तुमची खेळाडू. कवा आनताय देवीला?"

"आनीन."

"यष्टीनं येल का गाडी करनार?"

बायका हसल्या. काकीही हसली. तिला घाई नव्हती. आपण रोज बघतोय, ती कुठे जातेय, असं तिच्या मनात असावं.

मी चौथीपर्यंत शिकलेली. काकीला अक्षर येत नव्हतं, म्हणून पडद्याच्या खाली जी पट्टी धावायची ती मी तिला वाचून दाखवायची. एका मंगळवारी पट्टीवर आलं की मालिकेचा शेवटचा भाग येत्या शनिवारी. मी वाचलं आणि गप्प बसले. तेव्हा भिवरा चढाईत होती आणि काकीनं दम धरला होता. नंतरही सांगायचा धीर झाला नाही. बुधवारी पाणी भरताना सांगितलं.

काकीनं हंडा खाली ठेवला. "शनवारी? मंग परत नाय दिसायची?"

"नाय."

"कालच का नाय सांगितलंस गो?"

तिनं रागावण्यात वेळ घालवला नाही. तडक माझा फोन मागितला आणि रमेशभावोजींना लावायला लावला. त्यांचा आवाज मलाही ऐकू येत होता.

"आये, ती अॅक्ट्रेस हाय. तिचं नाव भिवरा नाय. मी तिला कुठनं आनू?"

"मुंबईतच हाय ना ती?"

"मुंबईत लय लोक हायत, आये. एक नारळ ठेव देवीला आनि मिटव. लोक हसतील आपल्याला."

"हसून झालंय त्यांचं," काकी म्हणाली आणि फोन माझ्या हातात दिला.

नवस बोलून फेडला नाही तर काय होतं हे आमच्याकडे कुणाला सांगावं लागत नाही. प्रत्येक घरात एखादी गोष्ट असते. आणि काकीनं तो मनात नाही, गुरवांच्या देखत मोठ्यानं बोलला होता. शनिवारनंतर ती मुलगी कुठेच असणार नव्हती. मग नवस कुणाच्या हातानं फिटणार?

गुरुवारी सकाळी ती कौल लावायला गेली. मी सोबत होते. देवीच्या दोन्ही खांद्यांना ओल्या कळ्या चिकटवायच्या आणि विचारायचं. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. पांडू गुरवांनी गाऱ्हाणं सुरू केलं आणि मध्येच थांबले.

"काकी, नाव-गाव घालावं लागतं. भिवरा, गाव कंचं?"

"सावरवाडी."

"तालुका?"

"तालुका दावला नाय अजून."

"शनवारपतोर दावतील का?"

"पांडूदादा, मस्करी नको. इचारा. पोर येऊ शकत नाय, नुसता नारळ ठेवला तर चालंल का."

डावी पडली.

"दुसऱ्या कुना पोरीच्या हातनं भरली तर?"

पुन्हा डावी. गुरव हळूच म्हणाले, "आई ऐकत नाय." काकी पायरीवर बसली. मी तिला अशी कधी बसलेली पाहिली नव्हती, हात मांडीवर उताणे ठेवून. मग ती आतल्या बाजूला न बघताच म्हणाली, "टीवीसकट आनली तर?"

गुरव हसायला लागले. मग हसू आवरून म्हणाले, "इचारायला लागंल." त्यांनी कळ्या परत लावल्या. या वेळी काही पडेचना. आम्ही तिघं बघत उभे. वारा आला की कळी सुकली मला माहीत नाही. पडली ती उजवी.

टीव्ही जुना, पोटाचा, जड. शनिवारी चार वाजता काकीनं तो चादरीत बांधला. आम्ही बायकांनी आळीपाळीनं डोक्यावर घेतला. भात कापून झालं होतं, त्यामुळं शेतातून सरळ चढता आलं. चंद्रावैनी सारख्या बोलत होत्या, "भिवरा लय खात असंल, केवढी जड झालीय," पण पाळी सोडून पळाल्या नाहीत. सर्वांत उभ्या चढाला टीव्ही त्यांच्याच डोक्यावर होता.

देवळात दिव्याच्या जोडणीवरून गुरवांनी वायर काढली. अडलं ते छत्रीपाशी. घरी ती भिंतीला ठोकलेली होती, ती काढून सोबत आणली होती. इथे देवळाच्या भिंतीला खिळा ठोकायला गुरव तयार होईनात. कुणीतरी ती समोरच्या खिंडीकडे तोंड करून धरायला हवी होती. मी म्हटलं, मी धरते. आत सगळ्यांच्यात उभं राहण्यापेक्षा मला तेच बरं होतं.

म्हणून त्या दिवशी जे झालं ते मी अंगणातून ऐकलं जास्त आणि पाहिलं कमी. दारातून मला काकीची पाठ दिसत होती आणि तिच्या पलीकडे देवीच्या मुखवट्यावर हलणारा निळा उजेड. काकीच्या हातात ओटी होती, खण, तांदूळ, त्यावर नारळ. टीव्ही देवीच्या एका अंगाला, तिच्याकडे तिरका ठेवला होता, आणि बायका सगळ्या पडदा दिसावा म्हणून गाभाऱ्याच्या दाराशी एका कडेला दाटीनं उभ्या.

सात वाजले. गुरवांनी गाऱ्हाणं सुरू केलं.

"काकी, ही कोन?"

"सासू."

"हिला बाजूला करा."

"मी कशी करू? तिचं रडनं व्हायला पायजे."

मग साबणाची जाहिरात लागली. गुरव थांबले. परत सुरू झालं तर नवऱ्याचे मित्र नाचत होते. भिवरा दिसली, पण पाठमोरी. मग दिसली ती नुसता चेहरा. काकी म्हणत होती, "हात दावा, हात." नवस हाताचा होता. पंधरा मिनिटं गेली. पुन्हा जाहिरात. माझे खांदे भरून आले होते. आता बदली माणूस मागायचा तर मोठ्यानं ओरडावं लागलं असतं, ते मला जमेना.

शेवटी सामना लागला. शेवटची चढाई. आवाजावरून मला कळत होतं, तो ढोल मी रोज ऐकत होते. चार जणींनी भिवराला धरलं, ती पडली, मधल्या रेषेकडे सरकू लागली.

"हात! काकी, हात!" चंद्रावैनी किंचाळल्या.

त्याच वेळी माझा खांदा हलला. आत खरखर झाली आणि देवीवरचा उजेड पांढरा झाला. सगळ्या एकदम ओरडल्या, "शालन, हलू नको!" मी दात आवळून छत्री होती तिथं आणली. खरखर थांबली. भिवराचा हात अजून रेषेकडे चाललाच होता, बोटं पसरून, सावकाश. आयुष्यात पहिल्यांदा मला त्या सावकाशपणाचं बरं वाटलं.

काकीनं वाकून ओटी काचेला लावली, बरोबर त्या हातावर. गुरवांनी नाव, गाव, नवस सगळं एका श्वासात म्हणून टाकलं. काकी वळली आणि ओटी देवीच्या पुढ्यात घातली. मग मागे येऊन तिनं टीव्हीचं बटण बंद केलं.

"अवो काकी!" चंद्रावैनी रडकुंडीला आल्या. "रेषेला हात लागला का नाय ते तरी बघू द्या!"

"लागला असंल."

"दीड वरीस बघतोय आमी!"

"देवीचा नवस फिटला. आता तिच्या म्होरं नाचगानी नको."

आमच्या वाडीत अजून कुणाला माहीत नाही की तो सामना भिवरा जिंकली की हरली.

एवढ्यावर हे संपलं असतं. पण चैत्रात बातमी आली की महाडला कापडाचं नवीन दुकान उघडतंय आणि उद्घाटनाला भिवराचं काम करणारी ती बाई येणार आहे. चंद्रावैनींना बोलल्याशिवाय राहवलं नाही. "काकी, काचेला नारळ लावलात तवा इलाज नव्हता. आता जित्ती येतेय. देवी म्हनंल, जवळ आली तरी आनली नाय."

त्या मस्करीत म्हणाल्या, पण काकीच्या मनात ते शिरलं. दोन दिवस ती जेवली नाही धड. तिसऱ्या दिवशी कुंपणाशी येऊन म्हणाली, "शालन, महाडला चल गो." तिच्या पिशवीत नवा खण होता आणि नारळ होता. त्या बाईला पाया पडून का होईना, गाडीत घालून आणायचं तिनं ठरवलं होतं. अशा माणसाशी बोलायचं म्हणजे काय. पण तिला एकटी कशी सोडणार?

दुकानासमोर रस्ता भरला होता. काकी त्या गर्दीतून कशी शिरली मला कळलं नाही, मी तिच्या पदराला धरून होते. ती बाई जरीच्या साडीत उभी होती. मालिकेत होती त्याहून गोरी आणि लहान. स्वभावानं चांगली असावी. म्हाताऱ्या बाईला बघून तिनं स्वतः हात पुढे केला.

"कुठून आलात आजी?"

"पोलादपूरच्या वरनं. तुजा गुडघा कसा हाय?"

ती क्षणभर गोंधळली, मग खळखळून हसली. "गुडघा? अहो आजी, तो माझा कुठे? तो भिवराचा!"

"तुजा कदी दुखला नाय?"

"नाही हो. कधीच नाही."

काकीनं तिच्याकडे नीट पाहिलं, डोक्यापासून पायापर्यंत. पिशवी उघडली नाही. "बरं झालं बाय," ती म्हणाली, "असाच राहू दे." आणि तिच्या गालावरून हात फिरवून वळली.

पोलादपूरला गाडी बदलली, तिथे तिनं दोन वडे खाल्ले. कापड्याहून चढ चढून देवळाखाली आलो. मला वाटलं वर जाईल. ती रस्त्यावरच थांबली, मान वर केली आणि शेजारणीला सांगावं तसं म्हणाली, "बघून आलंय गो आई. ती नव्हं. झालं तेच बराबर झालं."

त्यानंतर आठवड्यानं रमेशभावोजी येऊन तिला मुंबईला घेऊन गेले. मी तेव्हा माहेरी दासगावला होते, त्यामुळं निघताना भेट झाली नाही. ती परत आली नाही. मला दिसते ती महाडहून आलो त्याच संध्याकाळची, कुंपणापलीकडे, हातात वाटी घेऊन. वालाचं बिरडं केलं होतं. वर ओलं खोबरं भरपूर.

मी वाटी घेतली आणि थबकले. म्हटलं, "काकी, हा पिशवीतला नारळ?"

"नुसता नारळ हाय गो," ती म्हणाली. "खा."